पेन्शनीत आलेली पलटण

खटाव, माण, कोरेगाव या पट्ट्यातल्या कुठल्याही वाडीत शिरा. घरापुढच्या लिंबाच्या बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे ओळंब्यात मारलेले दिसले, कुंड्या उंचीप्रमाणे उभ्या केलेल्या दिसल्या, की घरधन्याला बेधडक 'राम राम साहेब' म्हणावं. माणूस फौजेतून पेन्शनीत आलेला असणार. छावणीत पंधरा-सतरा वर्षं हाताला जे वळण लागलं ते घरी आल्यावर सुटत नाही. पहाटे साडेचारला उठून तो अख्ख्या आळीची झोपमोड करतो, ग्रामसभेला सगळ्यांच्या आधी येऊन बसतो आणि सरपंच अर्धा तास उशिरा आला म्हणून आतल्या आत धुमसत राहतो.

अशाच माणसांनी आणि त्यांच्या घरच्या बायकांनी सांगितलेलं, काहींनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं या पुस्तकात आलं आहे. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेनं ते जमवलं आणि प्रस्तावनेसाठी माझ्याकडे दिलं. मी फौजेत गेलेलो नाही. घरातल्या आधीच्या दोन पिढ्या गेल्या, एवढाच माझा अधिकार. शौर्यकथांच्या अपेक्षेनं कुणी पानं उलटली तर थोडी निराशा पदरी येईल हे आधीच सांगून टाकतो. गोळीबार आहे, पण थोडा. त्याहून कितीतरी जास्त जागा अर्ज, दाखले, झेरॉक्स, एसटीचे फेरे आणि शिक्का मारून घेण्यासाठी घातलेल्या हेलपाट्यांनी अडवली आहे. लेख पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटलं, यातलं निम्मं छाटावं. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यातलं काहीच छाटू नये असा आग्रह मीच धरला.

साधा शिपाई अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती होतो. पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागते. पुढे हवालदार, सुभेदार झाला तर मुक्काम लांबतो, नाहीतर पस्तिशी-चाळिशीतच तो घरी येतो. मुलं शाळेत, बापाच्या नावची जमीन भाऊ कसतोय, बायकोनं इतकी वर्षं घर एकटीनं चालवलंय आणि आता तिला रोज सकाळी कुणी ऑर्डर सोडलेली चालत नाही. गावात मान असतो, पण काम नसतं. मग कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, कुणी पुण्याच्या एखाद्या कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर होतो, कुणी पुन्हा वर्दी चढवून डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये, जातो. राज्याच्या क आणि ड गटातल्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे. त्याच्या परीक्षेला बसलेला अडतीस वर्षांचा बाप आणि शेजारच्या बाकावर त्याच्याच भाच्याच्या वयाचा पोरगा, हे दृश्य आपल्याकडे नवं नाही. फौजेतल्या आयुष्यापेक्षा फौजेनंतरचं आयुष्य दुपटीनं मोठं असतं, आणि त्याचं प्रशिक्षण कुठल्याच सेंटरला मिळत नाही. संघटनेचं काम सुरू होतं ते नेमकं या मोकळ्या जागेत.

ही गरज आजची नाही. महाराष्ट्रात माजी सैनिक एकत्र आले त्याच्या सुरुवातीच्या खुणा दापोलीत सापडतात. इंग्रजी अमदानीत दापोलीचा कॅम्प ही पेन्शनर शिपायांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले ते तिथंच राहिले. पुढे त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली. इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्जाचा मसुदा तयार झाला तो याच पेन्शनरांच्या वर्तुळात. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही पेन्शन घेऊन काही काळ दापोलीत आणि नंतर साताऱ्यात राहिले. ती भरती बंद-सुरू होत अखेर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या माजी सैनिकांनी कागद हातात घेतला तो असा, स्वतःच्या पेन्शनसाठी नाही तर पुढच्या पिढीला वर्दी मिळावी म्हणून. हा इतिहास संघटनांच्या व्यासपीठांवरून फारसा सांगितला जात नाही. सांगायला हवा.

पहिल्या महायुद्धानं या भागाचा चेहराच पालटला. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले आणि गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मराठा पलटणींतले आपले लोक मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात अडकले, उपाशी राहिले, कैदेत गेले. इतक्या माणसांना घरी परत आणून सोडायचं तर काहीतरी व्यवस्था हवी, हे सरकारच्याही ध्यानात आलं आणि सैनिकांसाठी मंडळं निघाली. आजचा केंद्रीय सैनिक बोर्ड आणि जिल्ह्याजिल्ह्यातलं सैनिक कल्याण कार्यालय ही त्यांचीच वाढ. दुसऱ्या महायुद्धानंतर तर फौजेचा आकार एकदम आवळला गेला. इटलीत, आफ्रिकेत, ब्रह्मदेशात लढून आलेली हजारो पोरं पेन्शन पदरात न पडताच घरी आली. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस आपण अभिमानानं मिरवतो. त्यांच्याच बाजूला खंदकात बसलेले पण पदक आणि पेन्शन दोन्ही न मिळालेले गडी गावोगाव होते. पुढे राज्य सरकारनं अशांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मानधन सुरू केलं खरं, पण ते हातात पडायला मधे उभं आयुष्य गेलं. फील्ड मार्शल करिअप्पांच्या पुढाकारानं १९६४ मध्ये इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग निघाली, तिच्या शाखा खाली जिल्ह्यापर्यंत आल्या. आज तालुक्याच्या गावी एखाद्या गाळ्यात, पत्र्याखाली, खुर्च्या आणि गोदरेजच्या कपाटासह जी संघटना दिसते, तिच्यामागे एवढं सगळं आहे.

आता मुख्य गोष्ट. या संघटना करतात काय? लोकांना दिसतं ते पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी, १६ डिसेंबरचा कार्यक्रम, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना सोळाशे मीटर पळवणारा एखादा निवृत्त पीटी उस्ताद. हे सगळं चांगलंच आहे. पण संघटनेचा खरा कस लागतो तो एका विधवेच्या फायलीवर.

ही फाईल एकदा नीट उघडून पाहण्यासारखी असते. नवरा भरती झाला तेव्हा अविवाहित. लग्नानंतर त्यानं युनिटात कळवलं, पार्ट टू ऑर्डर निघाली, बायकोचं नाव रेकॉर्डला चढलं. पण कुठलं नाव? माहेरी ती हिराबाई. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं ते सुनंदा. शाळेच्या दाखल्यावर हिराबाई, रेशनकार्डावर सुनंदा, सासू हाक मारते धाकटी, आणि युनिटच्या क्लार्कनं नवऱ्याच्या तोंडून ऐकून इंग्रजी स्पेलिंगात उतरवलं ते तिसरंच काहीतरी. जन्मतारखेचाही तोच घोळ. गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट एक जून ठोकून दिलेली, रेकॉर्डला नुसतं अंदाजे साल. नवरा जिवंत असेपर्यंत यातलं काहीही कुणाला खुपत नाही. तो गेला की दुसऱ्या महिन्यापासून पेन्शन बंद, आणि फॅमिली पेन्शनचा अर्ज टेबलावरून परत: नाव जुळत नाही.

मग संघटनेतला एक माणूस ती पिशवी ताब्यात घेतो. डिस्चार्ज बुकाची प्रत, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, जॉइंट फोटो, मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक, हिराबाई आणि सुनंदा या एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा दाखला. हे सगळं घेऊन आधी जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालयात. तिथून रेकॉर्ड ऑफिसला: मराठा असेल तर बेळगाव, महार असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोड. रेकॉर्डनं दुरुस्ती केली की कागद प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे. आता स्पर्श प्रणाली आल्यापासून बरंचसं ऑनलाइन झालं आहे. म्हणजे पूर्वी पोस्टमनची वाट पाहावी लागे, आता ओटीपीची. फोन नातवाच्या नावावर, नातू हिंजवडीला, आणि ओटीपी येतो तेव्हा तो मीटिंगमध्ये.

दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचा हंगाम येतो, तेव्हा संघटनेच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, कारण आयुष्यभर शेण, राख आणि खुरपं हाताळलेल्या बोटांवर रेघाच उरलेल्या नसतात. मग डोळ्यांच्या बुबुळांवर काम भागवायचं. मोतीबिंदू असेल तर तेही अडतं. एका लेखात हे सगळं इतक्या बारकाईनं आलंय की वाचताना आपलाच अंगठा आपण पाहू लागतो.

इथं एक गंमत सांगितली पाहिजे. पलटणीत रायफल कंपनीचे जवान क्लार्कला 'बाबू' म्हणून हिणवतात. बाबू पंख्याखाली बसतो, बाबूला सुट्टी आधी मिळते, बाबूच्या बुटाला चिखल लागत नाही. संघटनेत मात्र हाच बाबू सेनापती. कुठला फॉर्म कुठल्या सहपत्रासह जातो, कुठल्या पत्राचा संदर्भ दिला की फाईल हलते, रेकॉर्डच्या कोणत्या सेक्शनला फोन लावायचा, हे फक्त त्याला ठाऊक. सियाचीनला राहून आलेला, छातीवर पदकांची रांग असलेला सुभेदार त्याच्यापुढे टोपी काढून बसलेला मी पाहिला आहे. फौजेनं या माणसांना जी कौशल्यं दिली त्यांपैकी गावाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं ते सुवाच्य अक्षरात मुद्देसूद अर्ज लिहिण्याचं, हे माझं मत आहे आणि ते संघटनेतल्या अनेकांना आवडत नाही.

एखादा सभासद गेला की संघटनेचे लोक बेरेट आणि पदकं घालून वेळेवर हजर होतात; पुष्कळदा मुंबईहून निघालेल्या भाच्यांच्या आधी. रांगेत उभं राहून अखेरचा सॅल्यूट होतो. स्मशानातून परतताना त्यांच्यापैकीच एकजण मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेव, तेरावा झाला की आईला घेऊन ये. दुःखाच्या दारात हे ऐकायला रूक्ष वाटतं. पण ज्यांनी ते ऐकलं नाही त्यांच्या आयांनी दोन-दोन वर्षं पेन्शनविना काढली.

आरोग्याचंही तसंच. १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना सुरू झाली आणि पेन्शनरांना मिलिटरी हॉस्पिटलच्या बाहेरही उपचार मिळू लागले. योजना मोलाची. पण म्हसवडच्या माणसाला साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकला जाऊन रेफरल घ्यायचं, तिथून पुण्याच्या रुग्णालयात जायचं, तर एक दिवस प्रवासातच जातो आणि सोबत कुणीतरी लागतं. ती सोबत संघटना देते. कॅन्टीनबद्दल फार लिहीत नाही. साबण, प्रेशर कुकर आणि महिन्याचा रमचा कोटा यांमुळे माजी सैनिकाच्या घरी शिमग्याच्या आधी अचानक नातलग वाढतात, इतकं पुरे.

मग सगळी कागदपत्रंच का? मैत्री कुठे आहे? मैत्री आहे ती याच कामांच्या मधल्या वेळात, गाळ्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर. तिथं इन्फंट्रीवाला एएससीवाल्याला 'तुम्ही तर पीठ-तांदूळ वाहिलं' म्हणून चिडवतो आणि एएससीवाला विचारतो, 'मग तू काय बर्फ खाऊन राहिलास का?' मराठीच्या मध्येच हिंदी घुसते, आवाज चढतात, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं की आता मारामारी होणार. मराठा लाइट इन्फंट्रीचे लोक ४ फेब्रुवारीला, सिंहगड सर झाल्याच्या दिवशी, आपला मराठा दिन साजरा करतात आणि बाकीच्यांनाही ओढून नेतात. त्या दिवशीच्या गप्पांत १९७१ चं बांगलादेशचं युद्ध निघाल्याशिवाय राहत नाही. त्या डिसेंबरात जमालपूरची नाकेबंदी करणाऱ्यांत होती पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. जमालपूरहून ढाक्याकडे निसटणाऱ्या शत्रूची वाट अडवायला टांगाईलजवळ पुंगलीच्या पुलापाशी ११ डिसेंबरला छत्र्यांनी उतरली ती २ पॅरा. आणि ही २ पॅरा म्हणजे पूर्वाश्रमीची तिसरी मराठाच. दुसऱ्या दिवशी जंगी पलटण पुलाशी जाऊन भिडली तेव्हा एकाच मुळाच्या दोन पलटणी परक्या मुलखात एकमेकींना भेटल्या. या दोन्ही बाजूंचे म्हातारे आता फार थोडे उरलेत. पण 'आम्ही पोचलो म्हणून तुम्ही वाचलात' आणि 'आम्ही पूल धरला म्हणून तुम्हाला रस्ता मिळाला' हा वाद पन्नास वर्षांनंतरही ताजा आहे, आणि तो मिटावा अशी कुणाचीच इच्छा नाही.

श्रीलंकेतून आलेले लोक मात्र गप्प असतात. १९८७ ते १९९० मधल्या त्या शांतिसेनेबद्दल देशात फार बोललं गेलं नाही, तसं टपरीवरही फारसं बोललं जात नाही. या पुस्तकातही जाफन्याबद्दल एकच लेख आहे, दीड पानांचा.

आता कौतुक बाजूला ठेवतो. संघटनांत गट आहेत. एका तालुक्यात तीन-तीन संघटना आहेत, प्रत्येकीचं लेटरहेड वेगळं आणि अध्यक्षाचा फोटो मोठा. विधानसभेची निवडणूक आली की फेटे बांधून कुणाच्या तरी व्यासपीठावर बसवायला यांना नेलं जातं आणि काहीजण आनंदानं जातात. हुद्द्याची उतरंडही सुटत नाही. ऑनररी कॅप्टन खुर्चीत आणि शिपाई दाराशी, हे पेन्शनीत आल्यावर कशाला? २०१५ मध्ये वन रँक वन पेन्शनसाठी दिल्लीत जंतरमंतरवर जे आंदोलन झालं, त्यात सगळे खांद्याला खांदा लावून बसले होते. ५ सप्टेंबरला योजना जाहीर झाली, १ जुलै २०१४ पासून लागू झाली. थकबाकीचे आकडे हातात आल्यावर मात्र जवान आणि अधिकारी यांच्या वाट्याला काय आलं यावरून कुजबुज सुरू झाली आणि पुढे जवानांनी वेगळी आंदोलनंही केली. ही फट अजून बुजलेली नाही, आणि ती झाकून ठेवण्यात शहाणपणा नाही.

सगळ्यांत मोठी उणीव बायकांची. वीरपत्नी, वीरमाता यांना वर्षातून दोन-तीनदा बोलावून साडी, शाल आणि नारळ दिला जातो. पहिल्या रांगेत बसवतात, फोटो काढतात, बोलायला माईक देत नाहीत. कार्यकारिणीत त्या अपवादानंच दिसतात. वास्तविक संघटनेच्या दारात येणाऱ्या अर्जांत त्यांचे अर्ज ढिगानं असतात आणि पेन्शनचे नियम त्यांना अनेक सभासदांपेक्षा जास्त पाठ असतात. या पुस्तकातले उत्तम लेख त्यांचेच आहेत, हे मी संपादकांना तोंडावर सांगितलं आहे. कारगिलच्या वेळी तेवीस वर्षांची असलेली आणि सासरच्यांनी नुकसानभरपाईवर हक्क सांगितल्यावर एकटीनं तालुक्याच्या गावी खोली घेऊन मुलगी वाढवलेली एक बाई कसलाही आव न आणता लिहिते, तेव्हा भल्याभल्यांचं गद्य फिकं पडतं. तिनं आजवर दुसऱ्या किती जणींच्या फायली पुढे सरकवल्या हे ती स्वतः लिहीत नाही. ते शेजारच्या लेखातून कळतं.

शेवटचा विभाग नव्या प्रश्नावर आहे आणि त्यावरून संघटनेत खडाजंगी चालू आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम. बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम, पण पेन्शन नाही आणि योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. लष्करातल्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं, तेव्हा हिशेब सोपा आहे. बावीस-तेवीस वर्षांची ही पोरं याच वाड्यांत परत येणार. त्यांना संघटनेत घ्यायचं की नाही?

नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की ज्याला पीपीओ नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन कार्ड नाही, त्याचं कुठलं काम संघटना करणार? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संघटनेचं सगळं बळ त्याच कागदांत मुरलेलं आहे. घ्या म्हणणाऱ्यांत गंमत अशी की वयानं सगळ्यांत मोठे लोक पुढे आहेत. त्यांच्या बापांच्या पिढीनं १९४६ मध्ये पेन्शनशिवाय ट्रंक घेऊन स्टेशनवर उतरलेले गडी पाहिले होते, आणि मानधनाचा निर्णय होईपर्यंत त्यातले किती उरले होते हेही. त्यांचं म्हणणं, या पोरांची कामं वेगळी असतील तर ती शिकून घेऊ: पोलीस भरतीचा अर्ज, बँकेचं कर्ज, शिक्षणाचं प्रमाणपत्र. बाबूला नवे फॉर्म पाठ करायला कितीसा वेळ लागतो?

सभासदत्वाच्या छापील अर्जात चौथा रकाना पीपीओ क्रमांकाचा आहे. तो ऐच्छिक करावा असा ठराव पुढच्या वार्षिक सभेपुढे यायचा आहे. दोन्ही बाजूंचे लेख लागोपाठ छापले आहेत, संपादकांनी त्यांत कुठेही हात घातलेला नाही. मला मत नाही, कारण मी सभासद नाही. असतं तर रकाना ऐच्छिक करण्याच्या बाजूनं हात वर केला असता, आणि त्याच सभेत कार्यकारिणीच्या निम्म्या जागा बायकांना द्याव्यात असा दुसरा ठरावही मांडला असता. तो पडला असता बहुतेक.